मोहरीएवढं हाड

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, विधुर, एक्केचाळीस वर्षे मोठ्या दवाखान्यात एक्स-रे काढून निवृत्त झालेला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कुणाच्या दडपणाला न भिता लिहीत आहे. डाव्या कानाने ऐकू येत नाही, पण डोकं शाबूत आहे आणि तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो जोडावा लागला, याचीच मला पहिली किळस आहे. माझा थोरला मुलगा चारचौघांत म्हणाला की बाबांना आता काही कळत नाही. त्याच बैठकीत तो म्हणाला की भिंगरीला अजून काही कळत नाही. ती सोळा वर्षांची, मी एकोणऐंशीचा. आमच्या घराण्यात अक्कल चाळिशीला येत असावी आणि साठीला जात असावी. थोरला सध्या बावन्न वर्षांचा आहे.

वकीलबाईंनी बजावलं की मृत्युपत्रात रागलोभ लिहायचे नसतात. मी मान डोलावली.

कलम १. भिंगरी म्हणजे माझ्या लेकीचं एकुलतं एक अपत्य. जन्माच्या नोंदीत मुलगा. दोन वर्षांची असताना खोलीभर गरागरा फिरायची, म्हणून हे नाव पडलं. सातव्या वर्षापासून ती सांगत आली की मी मुलगी आहे. आधी हसत सांगायची, मग रडत, मग सांगायचंच सोडलं. मी तिला नात म्हणतो. या कागदात जिथे नात लिहिलं आहे तिथे हेच अपत्य समजावं. पुढे ती स्वतःला काहीही म्हणवून घेवो, कायद्याने कुणाला फट सापडू नये म्हणून हे सुरुवातीलाच लिहिलं.

कलम २. दुसऱ्या मजल्यावरचं राहतं घर, तीन खोल्या आणि मागची गॅलरी, नातीला. ती सज्ञान होईपर्यंत देखरेख लेकीची, आणि लेकीला तिथे हयातभर राहण्याचा हक्क. बँकेतली शिल्लक लेक आणि थोरला यांना निम्मी निम्मी. नातीच्या हक्काला कसलीही अट नाही.

अट नाही हे मुद्दाम लिहावं लागतं, कारण अट टाईप करून आणली होती. मागच्या महिन्यात थोरला कागद घेऊन आला. त्यात होतं की नातीने वयाची पंचवीस वर्षे पूर्ण होण्याआधी शरीर बदलण्याचं कोणतंही औषध घेतलं किंवा शस्त्रक्रिया केली, तर घरावरचा हक्क रद्द. जावई त्याच वेळी उपटला. त्याचं म्हणणं, थांबायचं कशाला, आत्ताच घर विका, परदेशात जाऊ, सोळाव्या वर्षीच सगळं उरकून टाकू. हा गृहस्थ पोरीचा फोटो मोठा करून सभांमध्ये दाखवतो, टाळ्या घेतो, आणि तिला एकदाही विचारलेलं नाही की बाई, तुझा फोटो लावू का. एक म्हणे पंचवीस, दुसरा म्हणे आत्ता. भाजीवाल्याशी घासाघीस चालावी तशी चालली होती. थोड्या वेळाने मला वाटायला लागलं की आता एकवीसवर सौदा पटणार. भिंगरी आतल्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिला कुणी बस म्हटलं नाही. लेक ओट्यापाशी पाठ करून उभी होती आणि धुतलेलेच कप पुन्हा धूत होती. मला शिसारी आली, आणि मी तो कागद फाडून दोघांनाही जायला सांगितलं.

कलम ३. सागवानी टेबल थोरल्याला. त्याला बोलताना मुठी आपटायची सवय आहे, निदान टेबल तरी स्वतःचं असावं.

कलम ४. किरण अडवणारा माझा शिशाचा जड एप्रन जावयाला. चाळीस वर्षं त्यातून माझ्यापर्यंत काही पोचलं नाही. जावयाला त्याची तशी गरज नाही, त्याच्यापर्यंत असंही काही पोचत नाही, पण आठवण म्हणून ठेवावा.

कलम ५. नातीचं मन पुढे बदललं, आणि ती म्हणाली की मी चुकले, मला मुलगा म्हणूनच राहायचं आहे, तर 'बघ, आम्ही तेव्हाच सांगत होतो' असं म्हणणाऱ्या वारसाचा हिस्सा रद्द. ती आपल्या म्हणण्यावर ठाम राहून सुखात राहिली, तर 'बघा, मी तेव्हाच म्हणत होतो' असं सभेत सांगणाऱ्याचा एप्रनही रद्द. वकीलबाई म्हणाल्या, हे कोर्टात टिकणार नाही. न टिको. दोघांनी एकदा वाचलं म्हणजे झालं.

कलम ६. आता खरं कारण. माझ्या कामात मुलांच्या डाव्या हाताचा एक्स-रे काढतात. जन्मतारीख काहीही सांगो, हाडं आपलं वेगळं वय सांगतात. दीड-दोन वर्षांचा फरक सहज पडतो. अंगठ्याच्या मुळाशी मोहरीएवढं एक हाड असतं. लहानपणी ते फिल्मवर दिसत नाही. ते दिसायला लागलं की समजायचं, शरीर निघालं, आता आवाज, मिशा, सगळं मागोमाग येणार. फिल्म काढणं आमचं काम, वाचणं डॉक्टरांचं. पण इतकी वर्षं काढून काढून आम्हालाही वाचता येते, आणि आमच्या जातीचा हाच रोग आहे की आम्ही वाचतो आणि मत देतो.

नात बारा वर्षांची होती. मी निवृत्तीनंतर कोपऱ्यावरच्या एका लहान एक्स-रे केंद्रात सकाळचे चार तास जात असे. लेकीने मुलांच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली होती, पण ती घाबरलेली होती. नात एकटी माझ्याकडे आली आणि म्हणाली, आजोबा, माझा हात बघा, किती वेळ उरलाय ते सांगा. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय फिल्म काढायची नाही हा नियम मी जन्मभर पाळला, तिच्यासाठी मोडला. संध्याकाळी फिल्म घेऊन लेकीकडे गेलो, खिडकीच्या उजेडात धरून दाखवली, आणि सांगितलं की अजून दोन वर्षं तरी काही होत नाही, घाई नको, डॉक्टरांकडे निवांत जाऊ. लेकीने घेतलेली वेळ रद्द केली. सातव्या महिन्यात पोरीचा आवाज फुटला. तिने आरशावर चादर टाकली आणि शाळा सोडली. दोन महिने ती खोलीबाहेर पडत नव्हती.

नंतर डॉक्टरीणबाईंना भेटलो. त्यांनी मला झोडपलं नाही, त्याचंही मला वाईट वाटलं. म्हणाल्या, या वयात शस्त्रक्रियेचा प्रश्नच नव्हता. वाढ थोपवणारं औषध आहे, त्याबद्दल आम्हा डॉक्टरांतच एकमत नाही, काहींना फायदा झालेला मी पाहिला आहे, पुढच्या परिणामांची पुरती माहिती नाही. फुटलेला आवाज औषधाने परत येत नाही, हेही खरं. जो कुणी छातीठोकपणे एकच आकडा सांगेल, त्याच्यापासून लांब राहा. मग त्या म्हणाल्या, "कदाचित मीही थांबा म्हटलं असतं. पण ते मी म्हणायचं होतं, कारण सांगून, तिच्यादेखत."

तेव्हा माझ्या वारसांनो, योग्य वय कोणतं हे मला विचारू नका. मला माहीत नाही. ज्यांना माहीत नाही त्यांनी डॉक्टर आणि पोरगी यांच्या मधे उभं राहू नये, एवढंच मला कळलं, आणि तेही उशिरा. आता ती दर महिन्याला त्यांच्याकडे जाते, बोलते, ऐकते. काय ठरवायचं आणि कधी, ते तिथे ठरेल. घर हातात धरून कुणी तिला थांबवू नये आणि कुणी पळवूही नये.

कलम ७. घरात सगळे म्हणतात, बाबांकडून वाचताना चूक झाली. नातीने मला विचारलं होतं, "चुकलात, की खोटं बोललात?" मी म्हटलं, चुकलो.

मी चुकलो नव्हतो. मोहरी फिल्मवर स्पष्ट होती, पहिल्या नजरेत दिसली. लेकीला दाखवताना मी फिल्म अशी धरली की माझा अंगठा बरोबर त्यावर यावा. मला वाटलं, पोरकट खूळ आहे, वेळ गेला की जाईल. थोरला पंचवीस म्हणतो तेव्हा निदान तोंडावर म्हणतो. मी तिच्या विश्वासाचा फायदा घेऊन तिची वर्षं चोरली, आणि वर चार वर्षं माझी चूक म्हणून तिच्या हातचा चहा पीत राहिलो. वर ज्यांच्याबद्दल किळस लिहिली आहे त्या यादीत माझं नाव सगळ्यात वर धरावं.

ती फिल्म कपाटात, निळ्या पाकिटात आहे. ती नातीची.

कलम ८. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचं काम वकीलबाईंनी करावं. अंत्यविधी साधा करावा. त्या दिवशी जावयाने भाषण करू नये.

टीप. मी मेल्यावर हे तिने कागदावर वाचावं हा भेकडपणा झाला असता, म्हणून आज सही करण्याआधी संपूर्ण मृत्युपत्र लेक, नात आणि दोन्ही साक्षीदारांसमोर मी मोठ्याने वाचून दाखवलं. सातव्या कलमाला लेक उठून गॅलरीत गेली. नात शेवटपर्यंत बसून राहिली. सातव्या कलमाच्या अखेरीस मी असं लिहिलं होतं की तिने मोठ्या मनाने मला माफ केलं असेल, याची मला खात्री आहे. ते वाक्य तिने मला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "घर दिलंत ते घेईन. हे मात्र खोडा."

ते वाक्य मी खोडलं आहे. खोडलेल्या जागेशेजारी माझी सही आहे.

ठिकाण : राहत्या घराची पुढची खोली
दिनांक : चालू महिन्याची चौदा, बुधवार, सकाळी साडेअकरा

मृत्युपत्र करणार : (सही) भिंगरीचा आजोबा, निवृत्त एक्स-रेवाला

आमच्यासमोर त्याने शुद्धीत सही केली, आणि आम्ही त्याच्यासमोर :
१. (सही) निवृत्त हेड सिस्टर, मोठा दवाखाना
२. (सही) तळमजल्यावरचे घड्याळजी