हत्तीचा उभा छेद

ती. वहिनींना,

साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्षात वाकलो असतो तर कंबर धरली असती, तेव्हा पत्रातलाच गोड मानून घ्या.) तुमचे गुडघे आणि दादाचं घोरणं, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. पत्रास कारण की, तुम्ही काढून कपाटात ठेवलेली फुलांची चार चित्रं रद्दीत घातली म्हणून तुम्ही दादाशी आठ दिवस अबोला धरल्याचं कानावर आलं. दादा निर्दोष आहे. चित्रं मी नेली.

सांगतो. निवृत्त झाल्यावर दोन महिन्यांत मी घरातल्या सगळ्या खोल्या मोजून त्यांचे नकाशे काढले. तिसऱ्या महिन्यात मोजायला काही उरलं नाही, आणि दिवस दिवस कुणाशी चार शब्द बोलणं होईना. तेवढ्यात जवळच्या बालवाडीला चित्रकलेचा शिक्षक हवाय असं कळलं. आता एकतीस वर्षं मी कारखान्यात पाण्याच्या पंपांची ड्रॉइंग काढली. पट्टीशिवाय मला साधी चिमणीही जमत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. तिथल्या मोठ्या बाईंना ठाऊक नव्हतं. त्यांनी तुमची चित्रं पाहिली, "हात किती हळुवार आहे हो तुमचा," म्हणाल्या, आणि मीही जरा कौतुकाने माझ्या हाताकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी रुजू झालो. हे उघड झालं तर नोकरी जाणार, आणि मला ती सोडायची नाही, एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

वर्गात चार-चार वर्षांची सतरा मुलं. पहिल्याच तासाला दोघांनी निळा रंग चाखला (आणि गोड नसल्याचं बाकीच्यांना कळवलं), तिसऱ्याने तळपाय रंगवून त्याचा ठसा कागद सोडून माझ्या पँटवर उठवला. एकाने अख्खा कागद कोरा ठेवून कोपऱ्यात फक्त ठिपका दिला. हे काय, तर म्हणे, "हा मी. रुसलोय." कारखान्यातल्या सवयीने मी प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात चौकट आखून त्यात नाव, तारीख आणि 'तपासले' असं लिहायला लागलो. मुलांना चित्रापेक्षा चौकटच आवडली. एका मुलीने तर तपासण्याचं काम स्वतःकडेच घेतलं. (दोन शेंड्या, नाकाला कायम रंग, मी तिला तपासनीसबाई म्हणतो.) ती पाठीमागे हात बांधून हिंडते आणि पसंत पडलं नाही की फुली मारते, माझ्याही कागदावर. कारखान्यात साहेबांनी माझं एकही ड्रॉइंग परत पाठवलं नव्हतं. हिने एका आठवड्यात अकरा पाठवली.

गेल्या शनिवारी पालकांना बोलावलं होतं. कुणाचे तरी बाबा फार उत्साही निघाले. "सर, फळ्यावर एक हत्ती होऊन जाऊ द्या!" मोठ्या बाई खुर्ची पुढे ओढून बसल्या. हत्ती बाहेरून नेमका कसा दिसतो याची मला खात्री नव्हती, म्हणून मी पट्टी घेतली आणि पंपाचा काढतो तसा हत्तीचा उभा छेद काढला, म्हणजे मधोमध कापल्यावर आत जे दिसेल ते. सोंडेतून पाणी आत जातानाचे बाण दाखवले, कातडीची जाडी तिरक्या रेघांनी भरली. तपासनीसबाई पुढे आली, निरखून बघितलं आणि म्हणाली, "पोट रिकामंय. आत कोण राहतं?" कुणी काही म्हणायच्या आत सतराच्या सतरा जण खडू घेऊन हत्तीत शिरले. एकाने जिना घातला, एकाने बस, एकाने आपली आजी, खुर्चीसकट. (खरी आजी मागच्या रांगेत होती. खुर्चीला तीनच पाय असल्याची तिने तक्रार केली, तेव्हा नातवाने चौथा काढून दिला.) रुसणाऱ्याने स्वतःला जिन्यावर बसवलं. मग पालकांनी टाळ्या वाजवल्या. वहिनी, एकतीस वर्षांत माझ्या ड्रॉइंगला कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. मला फार बरं वाटलं.

तुमची चित्रं सोबत परत पाठवतो आहे. आता दादाशी बोला.

तुमचा अपराधी,
धाकटा दीर

ता. क. : पाकिटात चित्रं सापडणार नाहीत, फळ्याचा फोटो आहे. चित्रं मोठ्या बाईंनी काच लावून ऑफिसात टांगली आहेत. खाली माझं नाव होतं.

ता. क. २ : 'होतं' लिहिलं, कारण ते काल निघालं. केसांना गोंद लागला म्हणून तपासनीसबाईंना ऑफिसात न्यावं लागलं. भिंतीकडे बघून ती म्हणाली, "ही सरांनी नाही काढली." मोठ्या बाईंनी विचारलं, कशावरून गं? तर म्हणे, "आत कुणीच नाही." मी कबूल करून टाकलं. मोठ्या बाईंनी काचेखालचं माझं नाव काढलं. मग म्हणाल्या, ज्यांची चित्रं त्यांनी येऊन दाराजवळची भिंत रंगवून द्यावी, मग तुमचं काय ते ठरवू. तेव्हा वहिनी, पाया पडतो, येत्या आठवड्यात या. भिंत मुलांच्या उंचीपर्यंतच रंगवायची आहे. गुडघ्यांसाठी स्टूल आणून ठेवलं आहे.

ता. क. ३ : राग मानू नका, पण फुलं काढाल तेव्हा त्यांत कोण राहतं ते आधी ठरवून या. विचारल्याशिवाय तपासनीसबाई काही पास करत नाही, आणि या वेळी फुली पडली तर ती माझ्यावर पडेल.