ओटीपी पालकांच्या फोनवर

मंगळवार, दिवेलागण

आज ऑफिसच्या मीटिंगमध्ये सर सगळ्यांदेखत म्हणाले, "मुलं आपल्या शिकवणीच्या ॲपमध्ये येत नाहीत, कारण ज्योतीनं लॉगिनचा फ्लोच कच्चा केलाय." मी केला? पालकांच्या फोनवर ओटीपी पाठवायची अक्कल कोणाची? मी म्हणलं होतं, लेकरांना चार चित्रांचा पासवर्ड द्या. तेव्हा हसले होते.

'पुन्हा पाठवा'. ते बटण डोळ्यांपुढून हलंना. मागच्या आठवड्यात वडीगोद्रीच्या शाळेत आठवीतली रुक्सार ते दाबून दाबून रडकुंडीला आल्ती. "ताई, ओटीपी अब्बांच्या फोनवर गेला, अन् अब्बा मोसंबी तोडायला गेलेत. मंग मी शिकू कधी?" हेही सरांना सांगितलं. थोडं थांबायला काय होतं, म्हणे.

काय होतं ते उद्या कळंल. उद्या त्याच शाळेत सर स्वतः मोठ्या पडद्यावर ॲप दाखवणार आहेत. त्यासाठी खातं तयार करून ठेवायचं काम माझ्याकडंच दिलं. ठेवलं तयार. विद्यार्थ्याच्या जागी सरांचं नाव, पालकाच्या जागी माझा नंबर.

हे बराबर आहे का? नसंल. पण बदलणार बिलकुल न्हाई.

सगळ्या शाळेदेखत सर 'पुन्हा पाठवा' दाबत बसतील. मंग मला फोन लावतील. मी उद्या रजा टाकलीय, बाबांसोबत शेतात जाणार. फोन बांधावर, भाकरीच्या पिशवीत.

कामात असलेला बाप फोन उचलतो का कधी?