पुढची खोली

मी, दिलशाद इस्माईल नदाफ, वय सहासष्ट, अविवाहित, निवृत्त परिचारिका, राहणार मिरज, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. लिहायला बसण्यापूर्वी मी भिंतीवरच्या घड्याळावर माझी नाडी मोजली. ती बहात्तर आहे. समोर बसून कोणी सांगत नाही, कोणाचा दबाव नाही, आणि लिहिते आहे त्याचा अर्थ मला कळतो. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. एकदा करायची वेळ आली होती, तेव्हा कागद जवळ नव्हता. ते पुढे येईल.

१. आमच्यात माणूस गेल्यावर क्रम ठरलेला आहे. आधी दफनाचा खर्च, मग देणी, मग वसियत म्हणजे मर्जीने लिहून दिलेला वाटा, मग वारस. वसियत मालमत्तेच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त करता येत नाही. हा नियम मला पसंत आहे. माणसाला आपल्या मर्जीने चांगले वागायला तिसरा हिस्सा पुरतो.

कफनाचे कापड लोखंडी कपाटात खालच्या खणात आहे. कापायला माझी कात्री वापरावी, ती धार लावलेली आहे.

२. माझा वारस एकच, धाकटा भाऊ मुजीब. घराच्या तीन खोल्यांपैकी मधली आणि मागची खोली, तसेच बँकेतली ठेव त्याची. ती मी देते असे नाही, ती त्याचीच आहे. अब्बांची कापूस पिंजायची कमान मधल्या खोलीत टांगलेली आहे, तीही त्याने घ्यावी. ती विकायची नाही. हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याने सजावटीसाठी दोनदा मागितली. अब्बांनी तिच्यावर चार माणसे पोसली, तिच्याखाली बसून लोकांनी तंदुरी खावी असे मला वाटत नाही.

३. मुजीबची मुलगी आयेशा नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझे सेकंदकाट्याचे घड्याळ आणि रक्तदाबाचे यंत्र मी तिला मागच्या महिन्यातच दिले, म्हणून ते या कागदात येत नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिने करावी. सोबत एक सूचना: वॉर्डात झाडणारी, पुसणारी बाई काही सांगू लागली, तर हातातले काम थांबवून ऐकावे. कारण कलम पाचमध्ये आहे.

४. हरणाबाई बाबू बंडगर ही जत तालुक्यातली. माहेरी आणि सासरी मेंढरे. नवरा लवकर गेला तेव्हा ती मिरजेला आली आणि मी ज्या रुग्णालयात होते तिथे, माझ्याच वॉर्डात, रोजंदारीवर आया म्हणून लागली. २०१७ साली माझा गुडघा बदलला तेव्हा ती पंधरा दिवसांसाठी सोबतीला आली. ते पंधरा दिवस अजून चालू आहेत. ती पुढच्या खोलीत राहते. ती मला 'सिस्टर' म्हणते. सांगून पाहिले, सवय जात नाही.

गेल्या ऑक्टोबरात आम्ही दोघी बावीस जणांच्या टूरबरोबर उझबेकिस्तानला गेलो. समरकंद बघायचे माझ्या मनात शाळेपासून होते. मुजीब म्हणाला, एकटी जाऊ नको, म्हणून हरणाबाईला घेतले. पासपोर्टसाठी ती सही शिकली. अंगठा चालला असता. ती म्हणाली, "एवढ्या लांब जायाचं आन् अंगठा?" दोन महिने तिने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर स्वतःचे नाव गिरवले. दुसरे काही लिहायला ती शिकली नाही. गरज नाही म्हणाली.

समरकंदच्या वाटेवर मेंढ्यांचा कळप आमच्या बसला आडवा आला. हरणाबाई खाली उतरली.

"आवं, हिच्या मागं गाठोडं कुणी बांधलं?"

निलूफर नावाची गाइड मुलगी हिंदीत म्हणाली की ती शेपटीतली चरबी आहे, थंडीत मेंढी तिच्यावर जगते. हरणाबाईने एका मेंढीच्या पोटाखालून तळहात फिरवला आणि मेंढपाळाकडे पाहून दोन बोटे दाखवली. त्याने मान हलवली. बसमध्ये येऊन ती मला म्हणाली, "गाभण हाय. दोन हायेत."

माझे पोट तेव्हा दुखत होते. चौतीस वर्षे मी लोकांना सांगितले होते की पोट दुखत असेल तर गोळी खाऊन येऊ नका, दुखणे दबते आणि डॉक्टरला काही कळत नाही. मी गोळी खाल्ली. सकाळी एक, दुपारी एक, दुसऱ्या दिवशी पुन्हा. टूरमध्ये कोणाला जुलाब झाले, कोणाला ताप आला की सगळे माझ्याकडे येत होते. सिस्टरने आजारी पडायचे नसते. आमच्या पेशातली ही जुनी चूक आहे. मी ती पूर्ण केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, निळ्या घुमटांसमोरच्या चौकात, दुखणे एकदम थांबले. असे थांबणे वाईट, हे मला पाठ होते. मी बाकावर बसले आणि बरे वाटते म्हणाले. हरणाबाईने विचारले नाही. तिने माझ्या पोटावर तळहात ठेवला.

"सिस्टर, प्वाट फळीवानी झालंय."

"पित्त आहे."

"पित्तानं फळी हुत न्हाई. उठा."

"सगळ्यांचा दिवस वाया जाईल, हरणाबाई."

"जाऊ दे. तुमी उठताय का मी वरडू? मी वरडले तर त्या घुमटावरची कबुतरं उडतील."

अपेंडिक्स फुटले होते. दोन तासांत मला टेबलावर घेतले. त्याआधी एक कागद आला. निलूफरने हरणाबाईला विचारले, आप इनकी कौन? ती म्हणाली, बहीण. मग तिने उझबेक अक्षरांखाली मराठीत सही केली. पासपोर्टनंतरची तिची ती दुसरी सही. भूल चढण्याआधी मला एवढे दिसले.

त्या रुग्णालयाबद्दल माझी तक्रार नाही. मी टाके नंतर पाहिले, अंतर एकसारखे होते. फक्त तिथे रुग्णाजवळ घरचे माणूस बसू देत नाहीत. मिरजेत कोणत्याही वॉर्डात पहिला प्रश्न असतो, पेशंटचा माणूस कोण? तो माणूस खाटेखाली झोपतो, तिथेच जेवतो, सलाईन संपली की हाक मारतो. तिथे तशी पद्धत नाही. टूर बुखाऱ्याला गेली आणि तिकडूनच घरी गेली. हरणाबाई थांबली. दोन दिवस ती बाहेरच्या बाकावर घोंगडे पांघरून बसून होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी डोळे उघडले तर ती फरशी पुसत माझ्या खाटेपर्यंत आली होती. अंगावर निळा झगा. तिथल्या सफाईच्या बाईशी तिची ओळख झाली होती. कोणत्या भाषेत, ते मला अजून समजलेले नाही.

"आत कशी आलीस?"

"हातात फडकं असलं की कुणी इचारत न्हाई. मिरजेत बी न्हाई, हितं बी न्हाई. हसू नका, टाकं वडतील."

नऊ दिवस ती रोज तो वॉर्ड पुसत होती. परिचारिकांना वाटले, नवीन लागली आहे.

मुजीबचा मुलगा नियाज रोज फोन करत होता. त्याला यायचे होते. त्याच्याकडे पासपोर्ट नव्हता, तो निघेपर्यंत आम्ही परत आलो. त्याला दोष नाही. पण घरी आल्यावर त्याने रुग्णालयाचा कागद पाहिला, सहीजवळ काय लिहिले ते मला विचारले आणि म्हणाला, "फुफी, उने कागज पे झूट लिखी. बहीण कैसी?" मी म्हणाले, सही करायला तू होतास का? नंतर चहा पिताना त्याने सांगितले की कुपवाडच्या कारखान्यातली नोकरी त्याला सोडायची आहे, आणि पुढच्या खोलीत गाड्यांच्या सुट्या भागांचे दुकान चांगले चालेल. "आत्ता न्हाई, पुढंमागं. हरणाबाईंना गावाकडं भाचे हायेत ना?"

भाच्यांकडे ती सणाला जाते आणि दुसऱ्या दिवशी परत येते. तिला दुसरे छप्पर नाही. मी गेल्यावर तिला कोणी उठवू नये, यासाठी हा कागद आहे.

५. आता मूळ गोष्ट.

१९९७ च्या जून महिन्यात, दुपारच्या पाळीत, पाटणकडची नऊ वर्षांची मुलगी पोटदुखीने दाखल झाली. मला वायू वाटला आणि मी तसे लिहिले. हरणाबाई फरशी पुसत होती. तिने मुलीच्या पोटावर तळहात ठेवला आणि म्हणाली, "सिस्टर, प्वाट फळीवानी झालंय. मेंढीचं असं झालं की ती सांजपतुर ऱ्हात न्हाई."

मी म्हणाले, "डॉक्टर झालीस काय? फरशी पूस."

तिने फडके बादलीत टाकले आणि मला ओलांडून, सिस्टरने बोलावले एवढेच सांगून, थेट सर्जनना वॉर्डात आणले. मुलगी वाचली. राउंडच्या वेळी सर्जननी सगळ्यांसमोर विचारले, कोणी ओळखले? मी म्हणाले, मी. हरणाबाई दाराशी बादली घेऊन उभी होती. ती वळून बादली ओतायला गेली.

ती पुढे बोलेल या भीतीने मी दुसऱ्या दिवशी मेट्रनकडे अहवाल दिला. "सदर आयाने अधिकार नसताना रुग्णाच्या पोटास हात लावला व रुग्णाची तुलना मेंढीशी केली." हे वाक्य मला अजून पाठ आहे. मेट्रननी तिला मेमो दिला, तक्रार कोणाची ते सांगितले नाही. त्याच वर्षी आयांना कायम करण्याची यादी झाली. मेमो असलेली नावे त्यातून गळाली. हरणाबाई आणखी एकोणीस वर्षे रोजंदारीवर राहिली. मग ठेकेदार आला आणि तिचे काम गेले. तिला पेन्शन नाही. माझी दर महिन्याला येते.

रुग्णालयाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. चूक इमारतीची नव्हती.

हे देणे आहे. वकील म्हणाले, असले देणे कायद्यात देणे ठरत नाही. म्हणून मी ते वसियतीत घालते. त्यांनी हिशेब करून सांगितले की ते तिसऱ्या हिश्श्यात बसते.

तरी माझ्या मृत्यूनंतर पुढची खोली, तिचा ओटा, रस्त्याकडचे दार आणि मोरी व नळाची वहिवाट हरणाबाई बाबू बंडगर हिला पूर्ण मालकीने मिळावी. तिने त्यात राहावे, भाड्याने द्यावी, विकावी किंवा भाच्यांना द्यावी. कारण कोणी विचारू नये. ती माझी सोबत करते म्हणून ही खोली नाही. समरकंदला थांबली म्हणूनही नाही. ती थांबली नसती तरी खोली तिचीच होती. फक्त मी हे लिहिले नसते.

६. मुजीबला मी हे तोंडी सांगितले आहे. त्याने उठून कमानीवरची धूळ पुसली. मग म्हणाला, "आपा, मधल्या दाराची कडी कुठल्या बाजूला ठेवायची?"

मी म्हणाले, "कडी दोन्ही बाजूंना आहे."

"मग ठीक आहे," तो म्हणाला.

पुढच्या आणि मधल्या खोलीतले ते दार बुजवायचे असेल तर हरणाबाईला विचारून बुजवावे. नियाजने दुकानासाठी दुसरी जागा पाहावी. तो कामाचा मुलगा आहे, त्याला मिळेल.

७. यापुढे मी कुठेही आजारी पडले आणि कागदावर रुग्णाच्या जवळच्या व्यक्तीचे नाव विचारले, तर हरणाबाईचे लिहावे. नात्याच्या रकान्यात बहीण लिहावे.

८. काल दुपारी मी कलम पाच हरणाबाईला वाचून दाखवले. अठ्ठावीस वर्षे ते तोंडातून निघाले नव्हते. ती मेथी निवडत होती. माझे वाचून झाले तरी तिने जुडी खाली ठेवली नाही.

"मला ठावं हाय," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"तवाधरनं. कागद मेट्रनबाईंच्या टेबलावर व्हता. वाचाय येत न्हाई मला, पर तुमचं अक्षर वळखू येतं. उभं, सुईवानी. किती चिठ्ठ्या न्हेल्या मेडिकलात."

"मग समरकंदला तू..."

"तवा तुमचं प्वाट फळी झालं व्हतं. तितं मेमो कुठं काढत बसू?"

तिने काही काड्या बाजूला केल्या. मग म्हणाली, "खोलीचं तुमी बघा. पर त्या कागदातलं एक बदला. मेट्रनबाईंनी मेंढीचं वाचून दावलं आन् लय हसल्या. सगळी हसली. मला राग त्येचा हाय. मेंढीचं खरं व्हतं."

मी म्हणाले, तो कागद आता मिळायचा नाही. ती म्हणाली, "मग ह्यात लिवा."

म्हणून लिहिते. मेंढीशी केलेली तुलना बरोबर होती. हरणाबाई बंडगर हिने त्या मुलीचे दुखणे ओळखले, मी ओळखले नव्हते. सत्तावीस वर्षांनी तिने त्याच हाताने माझेही ओळखले. १९९७ चा माझा अहवाल खोट्या हेतूने दिलेला होता. तो मी या कागदाने मागे घेते.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला आहे. खाडाखोड नाही. साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले आणि मी त्यांना.

सही: दिलशाद इस्माईल नदाफ

साक्षीदार:
१. डॉ. वीरधवल शंकर पाटणकर, निवृत्त भूलतज्ज्ञ, मिरज. (लिहून देणार शुद्धीवर असल्याचे मी तपासले आहे. त्यांनी माझ्याच यंत्राने माझाही रक्तदाब तपासला.)
२. लालासाहेब दस्तगीर जमादार, शेजारी, मिरज.

हरणाबाई बाबू बंडगर यांना सही करायची होती. ज्याला मिळते त्याने साक्ष देऊ नये, असे वकिलांनी सांगितल्यावर त्या "मग शिकले कशाला?" असे म्हणून उठल्या. सह्या होत असताना त्या स्वतःच्या ओट्यावर बसलेल्या होत्या.

ठिकाण: मिरज, जिल्हा सांगली
दिनांक: १८ फेब्रुवारी २०२५