फ्लेक्सइतका गोरा

५ जानेवारी
मानवजातीवर आजवर पुष्कळ अन्याय झाले. आजचा माझ्यावर. मंडळाच्या पोरांनी ‘प्रभुलिंगअण्णांना वाढदिवसाच्या शुभेच्छा’ असा फ्लेक्स लावला, तो नेमका माझ्याच रंगाच्या दुकानाच्या शटरच्या वर. रोज स्वतःच्या हनुवटीखालून वाकून आत जायचं. वर मला इतका गोरा केलाय, की दूधवाल्या सयाजीनं विचारलं, ह्ये पावणं कोण म्हणायचं? मीच की, म्हटलं. हसला. फ्लेक्सकडं बघून परत हसला.

६ जानेवारी
फ्लेक्स काढला तर पोरं नाराज होतील. चेहरा बदलणं सोपं. ओल आलेली भिंत उजळून देतो मी, हे तर नुसतं तोंड. शाहूपुरीतनं ट्यूब आणली. वर ना कंपनीचं नाव, ना आत काय घातलंय ते. म्हणजे गुप्त फॉर्म्युला. दुकानदार म्हणाला, गिऱ्हाईक तक्रार घिऊन येत न्हाय. समाधान वाटलं. बायकोला सांगायचं नाही. शिवगंगाला विनोद सुचतात.

१९ जानेवारी
उजळलो! आक्का निपाणीहून आलती. म्हणाली, काविळीतनं उठलायस व्हय रे? बहीण असली तरी जळतेच. लेकीनं मात्र ओळखलं. सौंदर्या अकरावीला आहे, तिला कपाटात ट्यूब दिसली. मग तिला शास्त्र समजावलं. आधी घासणं, मग पहिला हात, मग दुसरा. एका हातात काम उरकणारा पेंटर चोर. लक्ष देऊन ऐकत होती. हुशार पोरगी.

२ फेब्रुवारी
गालावर पुटकुळ्या. कारण मिसळ. मिसळ कायमची बंद.

४ फेब्रुवारी
मिसळ चालू. कारण उशीचा अभ्रा.

११ फेब्रुवारी
मुरुमं. या वयात! सालपटंही निघतायत. म्हणजे जुना रंग सुटतोय, लक्षण चांगलं. आजपासून दुप्पट लावणार. ट्यूब फार लवकर संपते. कमी भरतात, लबाड. गल्ल्यावर मास्क लावून बसलो. टर्पेंटाइनचा वास सोसत नाही, असं सयाजीला सांगितलं. म्हणाला, जल्मभर सोसला की. घरीही मास्क, शिवगंगाला सर्दी सांगितली, जेवतो मागनं एकटाच.

१५ फेब्रुवारी
काल लावलं नाही, तर तोंड भाजल्यागत लाल. सिद्ध झालं, क्रीम हेच औषध. पुन्हा सुरू.

२० फेब्रुवारी
सौंदर्या आठवडाभर कॉलेजला गेली नाही. गॅदरिंगचं निवेदन तिच्याकडं होतं, घरभर घोकत फिरायची. आज बाईंना फोन करून नाही म्हणाली. घरातसुद्धा स्कार्फ. डोळे आले का, विचारलं. तिनं स्कार्फ काढला.
मुरुमं माझ्यापेक्षा जास्त आहेत.
म्हणाली, स्टेजवर उभं राहायचं तर दोन हात पायजेतच की पप्पा, तुम्हीच सांगितलंत.
कारण उद्या शोधतो.

२१ फेब्रुवारी
शिवगंगाला पोरीच्या सॅकमध्ये ट्यूब सापडली. दिवसभर बोलत होती. देवानं दिलेलं सोन्यासारखं तोंड नासलंस, कुणी घातलं हे खूळ डोक्यात? पोरीनं स्कार्फ आवळला. मी मास्क आणखी वर ओढला. दोघी जेवायला बसल्यावर सांगणार होतो. पण गरम भाकरी मोडून बोलणं बरं दिसत नाही.

२२ फेब्रुवारी
तिघं त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडं. त्यांनी ट्यूब उलटसुलट बघितली. म्हणाल्या, यात स्टिरॉइड असणार. आधी उजळतं, मग मुरुमं येतात. सोडलं की आग होते, म्हणून माणूस परत लावतो. बरं होईल, पण डाग जायला महिने लागतील. आणली कुणी?
सौंदर्या फरशीकडं बघून म्हणाली, मीच.
शिवगंगानं कपाळावर हात मारून घेतला. परत सुरू करणार, एवढ्यात मी खोकलो. पुढं काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. मास्क काढला.
शिवगंगानं हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडं वळवलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाहेरनं अजून एक केसपेपर काढून आणा.
काउंटरवरच्या मुलीनं नाव विचारलं, वय विचारलं, तक्रार विचारली. मागं रांग. मुरुमं, म्हटलं. ती म्हणाली, जरा मोठ्यानं सांगा की काका.
मोठ्यानं सांगितलं. दोघांचे पैसे भरले.