काळ्या तेलाची साक्ष

अहो,

आज आपल्या दारात मोटार आली. आपली स्वतःची. तुमच्या धाकट्या भावानं, विठ्ठलनं, नारळ फोडला. सवाष्णी ओवाळायला पुढं झाल्या अन् मी मागं सरले. घरात येऊन कागद घेतला. अक्षरं तुमीच शिकवलेली, दुसरं कुणाला लिहू?

तुमी जाऊन वर्ष होत आलं. त्या दिवसाबद्दल मी कुणाशी बोलत न्हाई. तुमच्या मालकाच्या, शेठच्या, मोटारीत सवाऱ्या घेऊन तुमी जिंतूरला निघालात अन् चारठाण्याजवळ भर दुपारी इंजीन जाम झालं. तेल बदलू द्या म्हणून शेठला किती विनवलं होतं तुमी! तो म्हणायचा, वरून घाल थोडं, भागतंय.

मोटारीत एक अडलेली बाई होती. पाण्याची सुरई तिच्यापाशी ठेवून तुमी बैलगाडी आणायला उन्हात चालत गेलात. गाडी पाठवलीत, बाई सुखरूप बाळंत झाली. तुमी मात्र पारावर आडवे झालात ते उठलाच न्हाई. घोटभर पाणी तरी सोबत घ्यायचं होतं हो! माझी आठवण झाली न्हाई का?

विठ्ठल मोटारच चालवीन म्हणाला. मी अडवलं न्हाई. फक्त म्हणाले, मोटार बघायला मी येणार.

परभणीत दोन जुन्या मोटारी विकायच्या होत्या. एक जहागीरदाराची. फारशी फिरलेली न्हाई, रंगात तोंड दिसावं अशी. विठ्ठल तिच्यावर भाळला. मी त्यांच्या ड्रायव्हरला, करीमचाचांना, तेलाचं विचारलं.

"झूट कशाला बोलू, बेटी? कमी पडलं की वरून घातलं. खालचं कधी काढलंच न्हाई."

शेठचेच शब्द.

दुसरी एका कापसाच्या व्यापाऱ्याची. रंग उडालेला, गाद्या फाटलेल्या, रोज पोखर्णीकडं धावणारी. तेल वेळच्या वेळी बदलतो, असं तो म्हणाला. विकणारा दुसरं काय म्हणणार? म्हणून मी शेजारच्या घरी गेले. त्यांच्या दाराची चौकट काळीभोर दिसली. शेजारीण म्हणाली, वाळवी लागू नये म्हणून मोटारीतून काढलेलं तेल लावतो. ते वरचेवर काढतेत, गल्लीत सगळ्यांना पुरतं. समोरच्या बैलगाडीच्या आसालाही तेच काळं वंगण होतं.

मी परत आले अन् हीच घ्यायची म्हणाले. विठ्ठलचं तोंड उतरलं.

"वहिनी, लोक हसतील. ह्या खटाऱ्यात कोण बसंल?"

"ज्याला घरी पोचायचं हाय, तो बसंल."

तुमचं नाव मी घेतलं न्हाई. तरी त्याचे डोळे भरून आले. जहागीरदाराच्या मोटारीकडं त्यानं परत पाहिलं न्हाई.

उद्या पहिली फेरी. तुमाला शब्द देते, तेल बदलायचा दिवस आला की सवाऱ्या कितीही खोळंबल्या तरी मोटार हलणार न्हाई. जुनं तेल पार निथळलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघीन. विठ्ठलची बायको रोज उंबऱ्यात वाट बघत बसंल. तिची वाट रोज संपंल, एवढं मी करीन.

तुमचीच,
सरू