रेणू आपोआप जुळतात म्हणून तंत्रज्ञाचे पद रद्द करण्यास हरकत

प्रति,
मा. प्रशासकीय अधिकारी,
संशोधन संस्था, तळमजला

विषय: तिसऱ्या मजल्यावरील मी अनावश्यक नसल्याबाबत.
संदर्भ: १) आपला चार तारखेचा आदेश. २) त्याआधीची आपली प्रयोगशाळा-भेट (अकरा मिनिटे).

महोदय,

१. आदेशात म्हटले आहे की, "रेणूंची जुळणी आपोआप होत असल्याने तंत्रज्ञाचे पद येत्या एक तारखेपासून रद्द करण्यात येत आहे." हे पद माझे आहे. एकोणीस वर्षे.

२. चूक कुठे झाली, तेही लिहिते. भेटीत आपण पडद्यावर मधाच्या पोळ्यासारखे जाळे पाहून विचारलेत, "एवढं बारीक कोण विणतं?" आमचे विभागप्रमुख अभिमानाने म्हणाले, "कोणीच नाही साहेब. आपोआप." ते खरेच बोलले. चांदीवर उतरलेले रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरतात. मी एकही रेणू हाताने ठेवत नाही.

३. पण चांदी आपोआप स्वच्छ होत नाही. नखाएवढा तुकडा. त्यावर आर्गॉन वायूचा मारा, मग साडेचारशे अंशांचा ताप, पुन्हा मारा, पुन्हा ताप. हे सारे ज्यात होते ते हवा काढलेले पात्र त्याआधी दोन दिवस भाजायचे. मग रेणूंची भुकटी तापवून, तिची वाफ चांदीवर उतरवायची; जरा जास्त तापली की थरावर थर, जाळे नाही.

३ (चालू). शिवाय चहाची गाडी. ती जिन्यापाशी आली की पृष्ठभाग वाचणारी सुई थरथरते. म्हणून चहावाले काका गाडी खाली ठेवून किटली हातात घेऊन येतात. म्हणतात, "ताई, तुमच्यापायी मी चोरासारखा चालायला शिकलो."

४. हा परिच्छेद काढा, असे आस्थापना लिपिकांनी सुचवले. काढत नाही. माझ्या आठ दिवसांच्या रजेत विभागप्रमुखांनी घाईघाईत, चांदी साफ न करताच, तिच्यावर भुकटीची वाफ सोडली. जाळे बसले नाही, नुसते डाग. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन: "बाई, हे रेणू माझं ऐकत नाहीत हो." तेवढे लिहून द्या म्हटले, तर छताकडे बघतात.

४ (अ). घरी जाऊबाई विचारतात, "काम आपोआप होतं म्हणे तुमचं? मग भाजी चिरायला तरी वेळेवर येत जा." हे आपल्या आदेशामुळे ऐकावे लागते.

५. लिपिक म्हणतात, विनंतीचा सूर ठेवा. ही विनंती नाही.

६. कार्यभार सोपवण्याच्या नमुन्यावर "यंत्रास माणसाची गरज नाही" असे आधीच छापले आहे. त्याखाली सही करणार नाही, कारण ते खोटे आहे. हवे तर आपण वर यावे. खुर्ची देईन, आणि जाळे आपोआप उमटेपर्यंत शेजारी हात बांधून उभी राहीन. आदेश मागे घेतला नाहीत तरी एक तारखेला नऊ वाजता मी खोलीतच असेन. चांदी साफ करायची आहे.

नम्रता राखून, आपली,
तंत्रज्ञ, तिसरा मजला
दिनांक: अकरा

सोबत:
१. जाळ्याचे चित्र (मी हजर).
२. डागांचे चित्र (मी रजेवर).
३. कार्यभार सोपवण्याचा नमुना, कोरा.