झोप : गाढ

तारीख १२, मंगळवार

प्रिय दादा,

तुझ्या भटकभवानीचा नमस्कार. मी बरी आहे. सध्या एका लाँड्रीत चादरींना इस्त्री करते. मालकीण म्हणते, "पायाला भिंगरी अन् हाताला चटके, पोरी तुझं कसं व्हायचं!" इस्त्री इतकी जड आहे की... ते असो.

वहिनीचा फोन आला होता. दारू सोडवायच्या सकाळच्या बैठकीला तू बसतोस, पण दुपारच्या, त्या दुसऱ्या बैठकीला जात नाहीस म्हणे. माझं तोंडही बघायचं नाही, असंही म्हणालास.

तो फॉर्म आठवतो? पहिल्यांदा तुला लष्कराच्या दवाखान्यात नेलं तेव्हाचा, नातेवाइकाने भरायचा. 'झोप कशी?' तू कानाशी म्हणालास, "गाढ लिही. डोक्याचं काही निघालं तर बंदूक काढून घेतील." मी लिहिलं. तेवढ्यापुरतं अक्षरही बरं आलं. दुसऱ्या खेपेलाही तेच. दोन्ही वेळा त्यांनी दारू सोडवून तुला घरी पाठवलं, दोन्ही वेळा पंधरा दिवसांत तू बाटलीपाशी.

या वेळी नव्या डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवलं. मी त्यांच्या खिडकीतल्या मांजराबद्दलच बोलत राहिले. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दारू एकटी येत नाही हो. सोबत कोण येतं?"

सांगितलं मग. तू बूट घालून पलंग आणि भिंतीमधल्या फटीत झोपतोस. ताटली पडली तरी वहिनीला जमिनीवर दाबून धरतोस. स्वप्नं पडू नयेत म्हणून पितोस. या वेळच्या फॉर्मवरही लिहिलेलं 'गाढ' मीच खोडलं, शेजारी सही केली. बाई म्हणाल्या, दोन्हींवर एकदमच इलाज हवा; एक ठेवून दुसरं जात नाही. म्हणून ही दुपारची बैठक.

बंदूक गेली. तुला आता ब्लँकेटच्या कोठारात बसवणार, तेही वहिनीकडूनच कळलं. चुगली केली म्हणशील. केलीच.

दुपारची बैठक साडेतीनला ना? उद्यापासून त्या वेळी मी दवाखान्याच्या फाटकासमोरच्या बाकावर बसेन. मालकिणीला विचारलंय. ती हसली, "तू? एका जागी?" तू आत गेलास की नाही, बाहेरून कळणार नाही. तरी बसेन. भेटू नकोस.

रागावायचं तर रागाव, पण झोपताना बूट काढून.

पाकिटावर माझा पत्ता लिहिलाय, पहिल्यांदाच.

तुझी,
धाकटी